डबक्याच्या पाण्यातले एकपेशीय जीव चालतात कसे, ते बघायचं असेल तर

पहिली गोष्ट, मायक्रोस्कोपला ४०एक्स (४० पट मोठं दाखवणारी) लेन्स लगेच लावू नका. सगळे हेच करतात आणि मग पॅरामिशियम (चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव) सर्रकन समोरून जातं आणि आपण स्लाइड सरकवत त्याच्यामागे पळत बसतो. ४एक्सने शोधा, १०एक्सवर बघा, बहुतेक काम तिथेच होतं.

पाणी साठलेल्या डबक्याचं घ्या, त्यात थोडं वाळलेलं गवत टाका, झाकण सैल ठेवून ४-५ दिवस सोडून द्या. वर पातळ साय आल्यासारखं दिसेल, त्याच्या खालचा थेंब घ्या. अमिबा हवा असेल तर तळाच्या गाळातला.

आता पॅरामिशियमला आवरायचं कसं? थेंबात कापसाचे २-४ धागे विस्कटून टाका आणि मग कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) ठेवा, तो त्या धाग्यांच्या जाळ्यात अडकतो. इथे जरा वेळ द्या कारण खरी मजा इथेच आहे. धाग्याला धडकला की तो थोडा मागे जातो, तोंड जरा वळवतो, परत पुढे, परत धडक, असं करत करत वाट काढतो. धडकल्यावर पेशीत कॅल्शियम शिरतं आणि अंगावरच्या हजारो पक्ष्माभिका (केसांसारखे बारीक, हलणारे तंतू) उलट्या दिशेने मारायला लागतात, बस एवढंच, मेंदूबिंदू काही नाही. आणि तो सरळ जात नाही हां, स्वतःभोवती गिरक्या घेत जातो.

एवढी धडपड कशाला, तर इतक्या छोट्या जिवाला पाणी म्हणजे घट्ट डिंक. हात मारायचा थांबवला की आपण पाण्यात थोडे पुढे तरंगत जातो ना, तसं यांचं नाही, बॅक्टेरिया थांबला की अणूच्या रुंदीएवढाही पुढे सरकत नाही. एडवर्ड पर्सेल या फिजिसिस्टने १९७७ मध्ये हे फार छान मांडलं होतं: शिंपल्यासारखं नुसतं उघड-मीट करून इथे कोणी पुढे जात नाही, जेवढं गेलं तेवढं परत मागे. म्हणून पक्ष्माभिका जाताना ताठ आणि येताना वाकून येते.

अमिबासाठी मात्र पेशन्स लागतो. स्लाइड ठेवल्यावर १०-१५ मिनिटं हातच लावू नका, धक्का लागला की तो गोळा होऊन बसतो. डायफ्राम (स्लाइडखालची उजेडाची झडप) बारीक करून उजेड कमी करा, नाहीतर दिसणारच नाही इतका पारदर्शक असतो. मग एका कडेवर नजर ठेवा, आतले कण वाहत वाहत पुढे जातात आणि तिथेच छद्मपाद (चालण्यासाठी तात्पुरता निघणारा पायासारखा फुगवटा) फुगतो.

युग्लिनाला (उजेडाकडे जाणारा हिरवा एकपेशीय जीव) बरणीतच बघा, अर्ध्या बाजूला काळा कागद लावून मंद उजेडात ठेवा, काही तासांत हिरवटपणा उघड्या बाजूला जमतो. उन्हात ठेवू नका, फार उजेड झाला तर तो उलटा पळतो.

आणि फसू नका! बारीक ठिपके जागच्या जागी थरथरतायत तर ती ब्राउनियन हालचाल, म्हणजे पाण्याचे रेणू आदळून होणारी थरथर, जिवंत असायची गरज नाही. सगळेच एका दिशेला वाहतायत तर कडेचं पाणी सुकतंय, ड्रॉपरने एक थेंब कडेला सोडा.

नशिबाने देठावर उलटी घंटा दिसली तर ती व्हॉर्टिसेला. फोन आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून स्लो मोशन सुरू करा आणि मगच स्लाइडला हलकी टिचकी मारा, कारण देठाची स्प्रिंग होते ती डोळ्याला दिसतच नाही, दिसतं ते फक्त नंतरचं सावकाश उलगडणं.