बाळाचा हात कानाकडे गेला म्हणजे कान दुखतो असं नाही: या चुका टाळा

बाळाच्या कानाचा संसर्ग बहुतेक वेळा नाकात सुरू होतो. नाकाच्या मागच्या भागापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते, बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साचतं, त्यात जंतू वाढून पू होतो, पडदा फुगतो आणि कान ठणकायला लागतो. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सर्वांत जास्त घडतं. गणेश चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) चार गावची पोरं जमतात आणि घरी परतताना एकमेकांची सर्दी घेऊन जातात. त्यानंतरचा आठवडा डोळे उघडे ठेवून काढायचा.

पहिली चूक म्हणजे फक्त कानाकडे बघत राहणं. चार-पाच महिन्यांचं बाळ आपला कान नव्यानेच शोधतं आणि ओढत बसतं. दात येताना ओढतं, झोप आली की चोळतं. ताप नाही, सर्दी नाही, दूध नीट पितंय, खेळतंय, अशा बाळाने नुसता कान ओढला तर तो संसर्ग असण्याची शक्यता कमी. उलट संसर्ग झालेली कित्येक बाळं कानाला हातही लावत नाहीत.

बघायचा तो क्रम. सर्दी दोन-चार दिवसांची झालेली असते, बाळ सुधारतंय असं वाटतं, आणि अचानक पुन्हा ताप येतो किंवा रात्र बिघडते. खांद्यावर उभं धरलं की शांत, पाळण्यात आडवं केलं की किंचाळी. आडवं झाल्यावर कानातला दाब वाढतो म्हणून. दूध पिण्याची खूण त्याहून बोलकी आहे. भुकेलं बाळ तोंड लावतं, दोन घोट ओढतं आणि रडत तोंड बाजूला करतं, कारण ओढताना आणि गिळताना दुखऱ्या कानातला दाब बदलतो. नाक चोंदलेलं बाळही असंच करतं. म्हणून आधी मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब घालून नाक मोकळं करा आणि पुन्हा पाजून बघा. नाक मोकळं होऊनही तसंच केलं तर संशय बळावतो. काही बाळांना सोबत उलटी किंवा पातळ शी होते आणि घरचे पोटाचा इलाज करत बसतात.

बाहेरचा कान की मधला, याचा अंदाज घरी घेता येतो. कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबा. बाळ कळवळून रडलं तर बहुधा बाहेरच्या नळीचा दाह असतो, आंघोळीचं पाणी आत राहून किंवा कान कोरून होतो तो. मधल्या कानाच्या संसर्गात या दाबण्याने सहसा फरक पडत नाही. हा अंदाजच. खात्री पडदा बघितल्यावरच होते, आणि तिथेही नुसता लाल पडदा पुरत नाही, कारण रडण्याने आणि तापानेही पडदा लाल होतो. डॉक्टर शोधतात तो फुगवटा.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना बाळ अचानक रडू लागलं तर तो हवेच्या दाबातला फरक असतो. उतारावर अंगावर पाजा किंवा थोडं पाणी द्या (पाणी सहा महिन्यांनंतरच). खाली आल्यावरही रडणं थांबलं नाही तर वरच्या खुणा शोधा.

आता सर्वांत मोठी चूक: कानात काहीतरी घालणं. कोमट खोबरेल, लसूण तळलेलं तेल, आईचं दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही पडद्यामागच्या पुवापर्यंत पोचत नाही, मध्ये पडदा आहे. पडद्याला छिद्र पडलेलं असेल तर मात्र थेट आत जातं. कोमट म्हणून घातलेलं तेल बाळाच्या कानाला चटका देऊ शकतं, आणि गोव्याच्या दमट हवेत तेलकट कानात बुरशी चटकन धरते. न्हाऊ घालणाऱ्या बाईला हे आधीच सांगून ठेवा: मालिश हवी तेवढी, कानात थेंब नको, फुंकर नको. आंघोळीनंतरची धुरीही बंद करा. धुराने नाक आणि ती नळी दोन्ही सुजतात. सिगारेटचा धूर तर घरात नकोच.

फार्मसीतून स्वतःहून आणलेले कानाचे थेंब हा त्याचाच दुसरा अवतार. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब फाटलेल्या पडद्यातून आत गेले तर श्रवणाच्या नसेला इजा होऊ शकते. कापसाच्या काड्याही नकोत.

मग एका सकाळी उशीवर पिवळा ओला डाग दिसतो आणि रात्रभर रडलेलं बाळ शांत झोपलेलं असतं. ‘कान फुटला, घाण निघून गेली’ असं म्हणून घरचे निश्चिंत होतात. पडदा फुटून दाब सुटला म्हणून दुखणं थांबलं, संसर्ग संपलेला नाही. त्याच दिवशी दाखवा. ते छिद्र बहुतेक बाळांत काही आठवड्यांत आपोआप भरतं, तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. स्वच्छ सुती कापडाची वात करून कानाच्या तोंडाशी ठेवा, ओली झाली की काढून दुसरी ठेवा, कान कोरडा होईपर्यंत, दिवसातून तीनदा. दोन आठवड्यांनंतरही कान वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. मळ आणि पू यांत घोटाळा नको: मळ तपकिरी आणि चिकट, पू पातळ, पिवळट, वास येणारा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण मात्रेत चुका होतात, कारण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. मात्रा वजनावर: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम झाले. १२०/५ च्या (म्हणजे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम) सिरपचे ५ मिली, २५०/५ च्या सिरपचे २.४ मिली, पण १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या थेंबांचे फक्त १.२ मिली. सिरपचा चमचा थेंबांच्या बाटलीला लावला की चौपट औषध जातं. लेबल वाचा आणि सिरिंजने मोजा. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच, सहा महिन्यांखाली आयब्युप्रोफेन नाही, ॲस्पिरिन कधीच नाही. सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपने कान बरा होत नाही. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला आहे.

अँटिबायोटिक दर वेळी लागतंच असं नाही. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाचा एकच कान, सौम्य ताप, फार दुखत नाही, अशा वेळी डॉक्टर ४८ ते ७२ तास वाट बघायला सांगू शकतात. ते टाळाटाळ करत नाहीत, पण त्या काळात फोन चालू हवा आणि बाळ बिघडलं तर लगेच जायला हवं. औषध सुरू झालं तर दोन वर्षांखाली ते साधारण दहा दिवसांचं असतं, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बंद करायचं नाही. पावडरमध्ये पाणी खुणेपर्यंतच घाला, दर वेळी हलवा. क्लॅव्हुलॅनेट असलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं, म्हणून दहा दिवसांच्या कोर्सला दुसरी बाटली लागते. गेल्या खेपेची उरलेली बाटली ओतून टाका.

वाट न बघता जायचं ते असं: तीन महिन्यांखालचं बाळ आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, कानामागे लाल सूज येऊन कान पुढे-खाली ढकलल्यासारखा दिसणं, चेहरा एका बाजूला वाकडा, मान ताठ, बाळ सुस्त, दूध पूर्ण बंद, लघवी कमी. रात्र असली तरी म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). गाडी नसेल तर १०८.

पुढच्या खेपेसाठी दोन गोष्टी. बाटलीने पाजताना बाळाचं डोकं उंच हवं. पाळण्यात आडवं ठेवून तोंडात बाटली खुपसली की दूध त्या आडव्या नळीकडे जाऊ शकतं. आणि न्यूमोकोकलची (कानाचा संसर्ग करणाऱ्या एका जंतूवरची) लस सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने अशी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. कार्डावर तीनही खुणा आहेत का, बघा.

संसर्ग बरा झाल्यावरही पडद्यामागचं पाणी तीन महिन्यांपर्यंत राहू शकतं. दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. बाळाच्या पाठीमागून हलकेच त्याचं नाव घ्या. पूर्वी वळायचं ते आता वळत नसेल, किंवा बडबड थांबली असेल, तर तीन महिने उलटण्याआधीच श्रवण तपासणी करून घ्या.