जुनी गिटार घेताय? पॉलिश नंतर बघा, आधी तारेची उंची बघा (या चुका टाळा)

माझी पहिली गिटार मी २८०० ला घेतली, बेळगावच्या वडगावातल्या एका ओळखीच्या पोराकडनं. काळी, चकचकीत, एक ओरखडा नाही. सहा महिने रोज अर्धा तास दाबत बसायचो, एफ कॉर्ड काही लागायची नाही, बोटांची टोकं सोलून निघाली, आई म्हणायची "काय करुलालास रे हातांचं, औषध तरी लाव". शेवटी मी मनात धरलं की आपली बोटंच तसली नाहीत आणि गिटार पिशवीत घालून कपाटावर टाकली. दीड वर्षानं मिरजेहून आमचे एक पाहुणे आले, तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढण्यात हयात गेलेली. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बाराव्या फ्रेटपाशी (मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात ते फ्रेट) तारेखाली नख सरकवून बघितलं आणि म्हणाले, "बाळ, ह्याच्यावर माझी बोटं पण चालायची नाहीत." तार साडेतीन मिमी वर होती. त्यांनी सॅडलची पट्टी, म्हणजे घोडीवर तारा टेकतात ती, काढली, पॉलिश पेपरवर खालनं २ मिमी घासली, परत बसवली, तार बरोबर १ मिमी खाली आली. त्याच संध्याकाळी माझी एफ वाजली.

दीड वर्ष वाया गेलं ते आजपण मनाला लागतं, म्हणून हे सगळं लिहितोय. आपल्याकडं गिटार सोडणारी जी पोरं मी बघितली त्यातली निम्मीअर्धी अशीच सोडलेली आहेत, आणि तीच गिटार पुढं विकायला निघते, मग घेणारा परत तेच भोगतो.

बघायला जाताना खिशात काय

तीन-चार सपाट एटीएम कार्डं न्या, आकडे उठलेली नकोत. एक कार्ड पाऊण मिमीचं असतं. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेखाली तीन कार्डं एकावर एक जेमतेम जात असतील तर उंची चांगली, चार सैल जात असतील तर तार ३ मिमीच्या वर आहे, काम निघणार. पण नुसती उंची बघून नाही म्हणू नका, सॅडलची पट्टी ब्रिजच्या, म्हणजे आपल्या घोडीच्या, वर किती उरलीय ते बघा. पट्टी ३-४ मिमी वर असेल तर घासून उंची उतरते, हिशेब सोपा आहे, पट्टी जेवढी घासाल त्याच्या निम्मं तार उतरते. पट्टी आधीच घोडीत गेलीय आणि तार तरीपण उंच, असं असेल तर गिटार ठेवा आणि घरी या, त्याचा अर्थ मानेचा कोन बिघडलाय, तो सुधारायला मान उखडून परत बसवावी लागते आणि स्वस्त गिटारवर तो खर्च परवडत नाही.

मग मान. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर जाड तार दाबून धरा, सातव्यापाशी तार आणि फ्रेटच्या मधी जाडसर व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. जास्त फट म्हणजे मान पुढं वाकलीय, अजिबात फट नाही म्हणजे मागं. थोडं मागंपुढं ट्रस रॉडनं, म्हणजे मानेच्या आतल्या लोखंडी गजानं, होतं, खरं तो रॉड फिरतो का हे विकणाऱ्यासमोरच, त्याला विचारून, योग्य मापाच्या अ‍ॅलन कीनं बघा, पाव फेरीच्या वर नको. जाम झालेला रॉड जोर लावून फिरवला की रॉडचा नट घासतो आणि मग ते कुणाच्याच हातात राहत नाही.

घोडीच्या मागच्या कडेला साधा वहीचा कागद सरकवून बघा. आत शिरला तर घोडी उचलायला लागलीय. तार लावलेल्या गिटारीवर ७० किलोच्या आसपास ताण असतो, १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा असतील तर, त्यामुळं आज कागद जाईल एवढी फट पुढच्या पावसाळ्यात बोट जाईल एवढी होते.

सगळ्यात वाईट चूक

नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावणं. हे मी तीन ठिकाणी बघितलंय. आवाज बारीक येतो म्हणून कुणीतरी दुकानातनं स्टीलचा सेट आणून लावतं. नायलॉनचा ताण स्टीलच्या साधारण निम्मा असतो, आतल्या पट्ट्या तेवढ्यासाठीच बारीक केलेल्या असतात, बहुतेक क्लासिकल गिटारींत ट्रस रॉडच नसतो. काही महिन्यांत पुढची फळी फुगते, घोडी उपटून येते. ओळखायचं कसं? घोडीला तारा गाठ मारून बांधायची सोय असेल, पिना नसतील, मान रुंद असेल, डोक्याला दोन लांब खाचा असतील तर ती क्लासिकल. त्यावर स्टीलच्या तारा दिसल्या तर किंमत कितीही कमी सांगू दे, घेऊ नका.

नावाकडं बघून पैसे देणं ही पण चूकच. गिवसन ही कोलकात्याची कंपनी, गिब्सन अमेरिकेतली, दोन वेगळ्या, आणि "अमेरिकन गिटार" म्हणून भाव वाढवून सांगणारा मला भेटलाय. फळी सलग लाकडाची की प्लाय, हे साऊंड होलच्या कडेला कळतं. वरच्या रेषा कडेवरनं खाली तशाच उतरल्या तर सलग, कडेला थर दिसले तर प्लाय. यामाहा एफ३१० सारखी प्लायची गिटार वाईट नाही, उलट आपल्या हवेत ती सलग लाकडापेक्षा कमी कुरकुर करते, फक्त सलग फळीचे पैसे देऊ नका.

गिटार कुठनं येतेय ते विचारा

हे कुणी सांगत नाही, आणि आपल्या भागात याचाच फरक सगळ्यात जास्त पडतो. अथणीकडं कोरडं, कणकुंबी-जांबोटीकडं चार महिने धो-धो, जिल्हा एकच, बेळगाव. अथणीत वर्षानुवर्षं वाजलेली गिटार जूनमध्ये खानापुरात आणली की लाकूड ओल पितं, पुढची फळी फुगते आणि तार आपोआप वर जाते. घेताना मऊ वाटलेली गिटार ऑगस्टमध्ये दगड होते ती यामुळं. चोर्ला घाटातनं गोव्याहून येणाऱ्या गिटारी पण खूप असतात, तिकडं चांगल्या वाजवलेल्या गिटारी मिळतात, मात्र समुद्राच्या हवेनं ट्युनिंग की गंजलेल्या असतात, सहाही खुंट्या फिरवून बघा, अडखळणारी असेल तर नवा सेट किंमतीत धरून बोला. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी भागात, बदली झालेल्या कुटुंबांकडचं सामान निघतं, आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं की इंजिनिअरिंगच्या पोरांच्या गिटारी, हे दोन मला चांगले सोर्स वाटतात, कारण त्यांना ओझं कमी करायचं असतं. खडेबाजारात एकदा एकजण "चलो ऐत्री सर, तगोरी" (चांगली आहे सर, घ्या) म्हणून हातात कोंबत होता, मी कार्ड काढलं, चार कार्डं सैल गेली, मी नमस्कार केला आणि निघालो.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी तारा बदला, विचार करू नका. गंजलेल्या तारेवर गिटारीचा आवाज कळतच नाही. बोटं नवीन असतील तर १० किंवा ११ गेज घ्या, पाहिजे तर महिनाभर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा, सूर तोच येतो, दाबायला हलकं.

खर्रखर्र आवाज आला की लगेच गिटारीला नाव ठेवू नका. नुसती मोकळी तार खरखरते तर नटची, म्हणजे मानेच्या डोक्याकडं तारा ज्या पट्टीवर बसतात तिची, खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटांतच खरखर तर मान सरळ किंवा मागं गेलीय, रॉड थोडा सैल करायचा. एकाच जागी तर तिथला पुढचा फ्रेट उठलाय. आणि कुठंच लागत नसताना पण काहीतरी झिणझिणतं तर आधी ट्युनिंग कीचे नट बोटानं आवळा. मी एकदा दोन दिवस आतली पट्टी सुटली म्हणून काळजीत होतो, सैल होता एक वॉशर.

पावसात गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, त्या भिंतीला ओल असते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यानं तव्यावर हलक्या आचेवर वाळवून परत. उन्हाळ्यात बंद गाडीत तर एक तास पण नको, डिंक मऊ पडतो.

आता जवळीक. गिटार पिशवीत असली की हात जात नाही, आतल्या कोरड्या खोलीत, बसता उठता दिसेल अशी ठेवा. मला ती माझी वाटायला लागली ती गल्लीतल्या भजनात. पेटीवाल्या काकांनी सांगितलं "काळी एक धर" (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून), मी पहिल्यांदा घाबरलो, मग कळलं की पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे कॉर्ड धरले की काळी एकचा सा मिळतो, आणि काळी चार असेल तर कॅपो तिथंच, कॉर्ड जीचे. तेव्हापासून दर गुरुवारी नेतो. एकट्यानं खोलीत मी तिच्यातल्या चुका ऐकायचो, टाळ-मृदंगात ती कुठं बसते ते ऐकायला लागलो. तिसऱ्या फ्रेटच्या मागं मानेवर अंगठ्याच्या जागेचं पॉलिश आता उडलंय, काळ्या रंगाखालचं लाकूड दिसतं, परवा काका म्हणाले "रंग लावून घे की रे", मी नको म्हटलं.