काळ्या मोत्यांची ब्रेसलेट्स करायला बसण्याआधी

मोती, वादी, कात्री लागते हे कुणालाही कळतं, म्हणून थेट वेजाकडे, म्हणजे मोत्याच्या भोकाकडे येते. मोत्याचा वेज मोजा. बाजारातल्या मोत्याला साधारण पाऊण ते एक मिलिमीटरचा वेज असतो, कारण तो रेशमी दोऱ्यात ओवायचा म्हणून पाडलेला असतो. आपली चामड्याची वादी दोन मिलिमीटरची. टोक तासा, मेण लावा, पकडीने ओढा, ती जात नाही. दिवाळीचं प्रदर्शन परवावर आलेलं आणि पुढ्यात न ओवता येणारे मोती, ही मजा माझी घेऊन झाली आहे.

तेव्हा खरेदीला जातानाच पर्समध्ये व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी टाका. दोन मिलिमीटरच्या वादीला सव्वादोन ते अडीचचा वेज हवा. वादीही मोजा, तीन-चार ठिकाणी. रिळावरच्या आकड्यावर जाऊ नका. दोन्ही टोकं एकाच मोत्यातून समोरासमोर काढणार असाल तर एका वेजात दोन वाद्या मावायला हव्यात. नऊ मिलिमीटरच्या मोत्याला एवढं भोक झेपत नाही, नक्षी बदला.

वेज वाढवून देणारा माणूस मोती घेण्याआधी ठरवा. आधी! इथे इंदूरच्या सराफ्यात चौकशी करा, पण दिवसा. रात्री तिथे भुट्ट्याचा कीस मिळेल, वेज नाही. घरीच करायचं तर ड्रिलला डायमंड बिट, मंद गती, वरून पाण्याचे थेंब, आणि दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं. एकाच बाजूने आरपार घातलं की पलीकडच्या तोंडाशी टवका उडतो. तोंडाला मास्क बांधाच, ती भुकटी श्वासात जाता कामा नये. थोडे मोती फुटणार हे धरून जास्तीचे घ्या.

मोती कुठले? ताहिती म्हणतात ते फ्रेंच पॉलिनेशियातल्या काळ्या ओठाच्या शिंपल्यात वाढवलेले. त्यांचा काळा रंग निसर्गाचा, आणि तोही निव्वळ काळा नसतो. हिरवट, मोरपिशी, वांगी अशा झाका असतात. अंगावर वळ्या असलेले मोती तुलनेने स्वस्त पडतात आणि चामड्यावर गुळगुळीत गोल मोत्यांपेक्षा जास्त शोभतात, असं माझं ठाम मत आहे. सगळे एकसारखे काळेकुट्ट आणि वेजाच्या कडेला रंग साचलेला दिसला तर रंगवलेले समजा. रंगवलेले वापरायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला तसं सांगा. भिंग लावून वेज बघतच आहात तर तो मोजूनही घ्या, परत सांगतेय.

चामडं. इंदूरची चामड्याची खेळणी नावाजलेली, त्यामुळे इथे हवी ती वादी सहज मिळेल असं वाटतं. खेळण्यावर मढवायचं कातडं निराळं, गोल वादी निराळी. ओलं पांढरं फडकं वादीवरून ओढा. रंग उतरला तर मनगटही रंगणार. रात्रभर वजन टांगून ताणून ठेवा, नाहीतर वापरात ढिली होते. पावसाळ्यातली वादी प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, बुरशी धरते.

माप मनगटाच्या घेरापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त, मोठे मोती असतील तर आणखी, कारण मोती आतून जागा खातात. सरकगाठ मारलीत तर हा हिशेब बराचसा टळतो. गाठींना किती वादी लागते ते साध्या दोरीवर आधी करून बघा. आणि करायला बसण्यापूर्वी प्रत्येक मोत्यातून वादीचा तुकडा घालून बघा. प्रत्येक. नमुन्याचा एक बघून बाकीचे तसेच असतील म्हणू नका.

उरलेलं भराभर: मोत्याला सुपरग्लू नको, व्हिनेगर तर नकोच. मऊ फडकं. कापडी थैल्या. अत्तर मारून झाल्यावर घाला, पाण्यात भिजवू नका, एवढं लिहिलेल्या चिठ्ठ्या. प्रदर्शनाच्या टेबलावर आरसा, किमतीच्या पट्ट्या, क्यूआर कोड, सुटे पैसे.