पंथ आधी पाणी देतो

काळोखी विज्ञानकादंबरी लिहायचीय? मग पंथाच्या बुवाला आल्या आल्या दुष्ट करू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात तो पहिल्याच पानावर डोळे वटारत होता. बहीण म्हणाली, "याच्या मागं कोण जाईल गं?" आमच्या सोलापुरात नळाची वाट बघत घागरी मांडलेल्या असतात. बुवाला तिथं आणा. तो पाणी देतो, आजारी म्हातारीची चौकशी करतो, सगळ्यांची नावं लक्षात ठेवतो. हिशेब नंतर मागतो.

मग यंत्र. अंतराळयान सोडा, जॅकार्ड बघा, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र. वडील चादरीच्या मागावर होते. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असलं की धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो. त्यातून चादरीवर मोर उठतो. माझ्या कादंबरीतला पंथ माणसांची अशीच कार्डं पाडतो. बंड म्हणजे रात्रपाळीत एका पोरीनं दाभणानं पाडलेलं एक जादा भोक. सकाळी निघालेल्या प्रत्येक चादरीवर मोराच्या मानेत तोच चुकार ठिपका!

जुलमाचे नियम क्षुल्लक ठेवा, ते जास्त टोचतात. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला तेव्हा सरकारला डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा खपत नव्हती. पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्यांच्या पुतळ्यांसमोर दहा मिनिटं उभी राहिले आणि घरी येऊन नायिकेचं तीन पानी भाषण खोडलं.

संवाद मोठ्यानं वाचा. शेवटाची घाई नको; माझी पोरगी अजून रात्रपाळीतच आहे.