छोट्या कॅमेऱ्याला स्वस्तातली मूठ

सोनीच्या आरएक्स१०० या २०१२ सालच्या कॅमेऱ्याचं वजन बॅटरी-कार्डासकट साधारण २४० ग्रॅम. पण पुढची बाजू सपाट, त्यामुळे घामेजल्या हातात, त्यातून एका हातानं फोटो काढताना, बोटांना धरायला काहीच मिळत नाही. म्हणून बाहेरून मूठ लावायचं ठरवलं.

बाजारात दोन प्रकार दिसले. एक खालच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूनं बसणारी धातूची पट्टी. पकड दणकट, पण वजन वाढतं, नेहमीच्या पाऊचमध्ये कॅमेरा मावेना, आणि बॅटरीचं झाकण खालीच असल्यानं पट्टीला नीट खाच नसेल तर बॅटरी बदलायला दरवेळी स्क्रू काढा! खिशातल्या कॅमेऱ्याला एवढा थाट कशाला? दुसरा प्रकार चिकटवायचा. सोनीची स्वतःची मूठ मिळते, पण मी साधी, रबराचा उंचवटा असलेली घेतली.

खरं काम चिकटवण्यात आहे. आधी टेपच्या तुकड्यानं तात्पुरती लावून पाहिली: मधलं बोट आरामात वळतंय का, लेन्सभोवतीची रिंग फिरते का, फोकसचा दिवा झाकला जात नाही ना. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसली, पूर्ण वाळू दिली, पेन्सिलनं बारीक खूण केली आणि मूठ घट्ट दाबून रात्रभर तशीच ठेवली. मुठीमागचा टेप थ्रीएम कंपनीचा, दोन्ही बाजूंनी चिकटणारा असेल तर उत्तम.

पुढेमागे काढायची झाली तर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्यायची आणि मागून दोरा फिरवायचा. मनगटाचा पट्टा मात्र मी काढलेला नाही.