ऐकण्याची वही

माझ्या प्रार्थनेच्या वहीतलं एक पान मी दुमडून ठेवलं आहे. त्यावर एकच ओळ आहे : ‘तो बरा होणार, प्रभूने सांगितलं.’ ती ओळ लिहिली त्याच संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन करून ती सांगितली. तिचा नवरा तेव्हा अतिदक्षता विभागात होता. अकराव्या दिवशी तो गेला. पुढे बऱ्याच दिवसांनी ती मला एवढंच म्हणाली, “तू सांगितलंस, म्हणून मी त्याचा निरोप घेतला नाही.”

त्यानंतर वर्षभर मी प्रार्थनेत मागत राहिले, पण देवाचं ऐकायला काही बसले नाही. भीतीच बसली होती. मग पुन्हा पहिल्यापासून शिकायचं ठरवलं. त्या शिकण्यातून जे हाती लागलं, ते लिहिते आहे. जो कोणी नव्याने बसू पाहतो आहे, त्याच्या हातून माझ्यासारखी चूक होऊ नये एवढीच तळमळ आहे.

सुरुवात शमुवेलापासून करा. बायबलमधल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हा मुलगा परमेश्वराच्या मंदिरातच झोपलेला आहे. सेवा करतो आहे, आज्ञेत आहे, आणि तरीही तीन वेळा चुकतो. हाक देवाची असते आणि हा धावत जातो म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे. कारण ती वाणी त्याला ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखी वाटली. आपलंही तसंच होतं. मनात उमटणारा प्रत्येक आवाज आपण आधीच ऐकलेल्या कुणाच्या तरी आवाजात येतो : कडक वडिलांच्या, घाबरट आईच्या, आपल्याच हट्टाच्या. त्यामुळे पहिले काही महिने देवाचा आवाज ओळखण्यापेक्षा हे बाकीचे आवाज ओळखण्यातच जातात. त्याने नाउमेद होऊ नका. ते कामच आहे.

आता बसायचं कसं ते सांगते. रोज 20 मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून शेजारी ठेवलेला चालत नाही, हात जातोच. खुर्चीत ताठ बसा. वही आणि पेन जवळ हवं. मनात जो प्रश्न घेऊन आला आहात तो आधी मोठ्याने, साध्या भाषेत देवाला सांगून टाका. नोकरी सोडू का, हे लग्न करू का, जे असेल ते. एकदा सांगितलं की बाजूला ठेवा. हे अवघड आहे, पण प्रश्न मुठीत आवळून बसलं की फक्त आपल्याला हवं ते उत्तर ऐकू येतं. त्या संध्याकाळी माझ्या मुठीत ‘तो बरा होऊ दे’ हे इतकं घट्ट होतं, की दुसरं काही आत शिरायला जागाच नव्हती.

मग शास्त्रभाग वाचा. छोटा घ्या, आठदहा वचनांचा. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवत. एखाद्या शब्दाशी मन अडकलं तर तिथेच थांबा, पुढे जायची घाई नको. मठांमधून ही पद्धत फार जुनी आहे. 12व्या शतकातल्या गिगो नावाच्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. मला त्यातली चौथी सगळ्यात कठीण जाते. दहा मिनिटं काही न मागता, काही न बोलता बसायचं. मन भरकटतंच. वीजबिल, कुणाचं तरी टोचलेलं बोलणं, सगळं तेव्हाच आठवतं. कामाचं असेल तर वहीच्या मागच्या पानावर एका शब्दात टिपा आणि परत या. स्वतःला रागावू नका. दहा मिनिटांत तीस वेळा भरकटलात आणि तीस वेळा परत आलात, तर तीस वेळा देवाकडे वळलात.

ऐकू काय येतं? बहुतेकांना कानाने काहीच नाही. एक विचार येतो, एखादं वचन आठवतं, कुणाचा तरी चेहरा समोर येतो. आणि माझा अनुभव असा की आज्ञेपेक्षा प्रश्न जास्त येतात. शास्त्रात पाहा ना. होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी हे सगळं होऊन गेल्यावर मंद वाणी येते आणि ती एलीया संदेष्ट्याला विचारते, “तू इथे काय करतोस?” बागेत लपलेल्या आदामाला, “तू कुठे आहेस?” आंधळ्या बार्तीमयाला येशू विचारतो, “मी तुझ्यासाठी काय करावं?”

वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या भावाचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. मी रोज न्याय मागत होते. उत्पत्तीचं पुस्तक ओळीने वाचत होते, चौथा अध्याय आला आणि नवव्या वचनावर माझं बोट थांबलं : “तुझा भाऊ कुठे आहे?” मी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी दुसरंच काही वाचलं, तरी प्रश्न तिथेच. खिळ्याला पदर अडकावा तसा. त्यात राग नव्हता, दटावणी नव्हती. घर कुणाचं, चूक कुणाची, यातलं काहीही त्यात नव्हतं. आठव्या दिवशी फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. दोघंही गप्प. त्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, “ताई, बरी आहेस ना?” घराचा प्रश्न त्यानंतरही बरेच महिने लोंबकळत राहिला. पण त्या आठ दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. क्षमा मागणं, भेटायला जाणं, कुणाचं देणं चुकतं करणं, अशी उघड चांगली गोष्ट सुचली तर वाट पाहू नका. ती देवाची वाणी होती की नाही हे नंतर बघता येईल.

मोठ्या निर्णयाचं मात्र उलट. तिथे थांबा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 42वा अध्याय वाचा. लोक घाबरलेले, मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळू की इथेच राहू हे देवाला विचार म्हणून त्याच्या मागे लागलेले. आणि त्याला वचन मिळतं ते 10 दिवसांनी. संदेष्ट्याला दहा दिवस लागले. मला त्या संध्याकाळी दहा मिनिटंही लागली नव्हती. त्याच यिर्मयाची 32व्या अध्यायातली गोष्ट मला आणखी धीर देते. चुलतभाऊ हानामेल येऊन अनाथोथचं शेत विकत घ्यायला सांगेल, असं वचन त्याला मिळतं. मग हानामेल खरोखर येतो, आणि तेव्हा यिर्मया म्हणतो की हे परमेश्वराचं वचन आहे हे मला समजलं. त्यानंतर तो 17 शेकेल चांदी तोलून देतो. म्हणून जे सुचलं ते तारखेसह लिहा, खाली चार ओळी कोऱ्या सोडा आणि दहा दिवसांनी परत वाचा. माझ्या वहीतल्या निम्म्याअधिक ओळी दहा दिवसांत विरून जातात.

जे उरतं ते पारखायचं. येशूच्या स्वभावाशी आणि शिकवणीशी ते न जुळणारं असेल तर तिथेच सोडा, कितीही गोड वाटो. दुसरी पारख मी लोयोलाच्या इग्नेशियसकडून घेतली, जो आधी सैनिक होता आणि पुढे संत झाला. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात त्याला शौर्यकथा हव्या होत्या, मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तकं. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचा विचार केला तर आनंद मागे टिकून राहतो. पुढे त्याने लिहिलं की देवाकडे चालणाऱ्या माणसाला चांगल्या आत्म्याचा स्पर्श स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तसा होतो, आणि वाईटाचा दगडावर थेंब आपटावा तसा. घाई, धाप, ‘आत्ताच कर, कुणाला विचारू नकोस’ असा रेटा असेल, तर तो दगडावरचा थेंब समजा. मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नका, हेही त्याचंच सांगणं.

तिसरी पारख माणसांची. पाळक असोत, फादर असोत, की प्रार्थनेत मुरलेली एखादी वडीलधारी व्यक्ती, वही घेऊन त्यांच्यासमोर बसा. जी व्यक्ती तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकते तीच निवडा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारा आवाज येत असेल, किंवा झोप उडून आवाज थांबतच नसतील, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

आणि दुसऱ्याबद्दल काही सुचलं, तर ‘देवाने मला सांगितलं’ हे शब्द तोंडातून काढू नका. प्रार्थना करा, जेवढी होईल तेवढी सेवा करा. फारच राहवलं नाही, तर ‘मला असं वाटलं, तू पारखून पाहा’ एवढंच म्हणा. मैत्रिणीकडे मी दीड वर्षाने गेले. ‘ते माझंच बोलणं होतं, देवाचं नव्हतं,’ असं तिला स्पष्ट सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. “मग मी देवावर उगाच रागावले,” ती म्हणाली.

काहीच ऐकू येत नाही असे आठवडे येतील. तेव्हा 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. अशा दिवशी मी वहीत तारीख घालते, ‘बसले’ लिहिते आणि उठते.

पहिल्या आठवड्यासाठी शमुवेलाच्या त्या तिसऱ्या अध्यायाची पहिली दहाच वचनं घ्या. सातही दिवस तीच. दहाव्या वचनात तो म्हणतो, “बोल, तुझा दास ऐकत आहे.” तिथे पुस्तक मिटा. पुढचं आठव्या दिवशी.