अमेरिकी विद्यापीठात ट्यूबा-युफोनियम शिकवायचे असेल तर
सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्यूबा या खर्जातल्या मोठ्या पितळी फुंकवाद्याचा वादक बहुधा एकच असतो आणि युफोनियमला, म्हणजे त्याच जातीच्या लहान वाद्याला, तर तेथे कायमची जागाच नसते. त्यामुळे अमेरिकेत या वाद्यांवर पोट भरू पाहणाऱ्याने लष्करी बँडच्या जोडीला विद्यापीठाचाही विचार आरंभापासून करावा. पुष्कळ ठिकाणी दोन्ही वाद्यांसाठी मिळून एकच पद असते, म्हणून दुसऱ्या वाद्याचीही मैफलीपुरती तयारी ठेवावी. निवडीच्या वेळी स्वतःचे वादन होतेच, पण खरा कस लागतो तो अनोळखी विद्यार्थ्याला शिकवताना: त्याचा खालचा स्वर फुटत असेल, तर आपण वाजवून दाखवण्याआधी त्याचा श्वास कोठे अडतो ते पाहावे. इंडियाना विद्यापीठात १९७१ ते १९९४ या काळात शिकवणारे ट्यूबावादक हार्वी फिलिप्स यांनी संगीतकारांकडून ट्यूबासाठी नव्या रचना लिहून घेतल्या. अर्जात असे काम दाखवता आले, तर ते, माझ्या मते, डॉक्टरेटइतकेच वजनदार ठरते.